हूं कुणी म्हणायचं नाही

पोरांनो, कंदील मधोमध ठेवा आणि वात थोडी उतरवा, रॉकेल पुरायला हवं. अक्का गोष्ट सांगायची तेव्हा तुम्ही सगळे तिला हूं द्यायचात. गोष्टीला हूं लागतोच. ऐकणाऱ्याचा हूं थांबला की सांगणाऱ्यानंही थांबायचं, ही आपली रीत. पण आज हूं कुणी म्हणायचं नाही. सवयीनं ओठांवर आला तर टोपी चावा, पण आवाज काढू नका. का, ते शेवटी सांगेन. आत चन्नी झोपली आहे.

मी अक्कासारखा सांगणारा नाही, हेही आधीच सांगतो. माझी थोरली बहीण रुद्राणी अक्का चौथी शिकली होती. मी दुसरीत असताना मास्तरांनी कान पिरगाळला, म्हणून त्यांच्याच टेबलावर पाटी आपटली आणि खिडकीतून उडी मारली, तो पुन्हा शाळेकडे फिरकलो नाही. तेव्हा माझ्या तोंडून जसं येईल तसं ऐका.

त्या दिवशी मी बोळातल्या मागवाल्यांसाठी नवी पेठेत सूत आणायला गेलो होतो. वैशाखातली दुपार. दुकानदारांनी तरटाचे पडदे सोडून त्यांवर पाणी मारलं होतं आणि सगळ्या पेठेला ओल्या तरटाचा वास येत होता. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मी डोक्यावर सुताचा गठ्ठा घेतला आणि भिंतींच्या कडेकडेनं निघालो, पण भिंतींना सावलीच नव्हती. सूर्य नेमका डोक्यावर. माझी सावली माझ्याच पायाखाली गोळा होऊन बसली होती.

बोळात शिरलो आणि मला वाटलं, मी बहिरा झालो. आपल्या बोळात दिवसा माग वाजत नाहीत असं कधी झालंय का? या टोकापासून त्या टोकापर्यंत खटक-खटक, खटक-खटक चालू असतं. पाळण्यातलं पोरसुद्धा त्या तालावर झोपतं. त्या दुपारी एकही माग वाजत नव्हता. जेवून पडले असतील सगळे, मी मनाशी म्हणालो. मग त्या शांततेतून एक बारीक आवाज आला.

हूं.

थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, हूं.

आवाज आमच्या घरातून येत होता.

दार उघडंच होतं. उन्हातून आत आल्यावर आधी काही दिसेना. नुसता वास आला. सुताला लावायच्या खळीचा आंबट वास आमच्या घराला नेहमीचाच. पण त्या वासाच्या खाली आणखी एक वास होता… ओल्या मातीचा, विभूतीचा आणि चुरगळलेल्या झेंडूचा. तो वास मी एकदाच घेतला होता. त्या वासानं माझे पाय उंबऱ्यावरच थांबले.

डोळे सरावले तेव्हा चन्नी दिसली. आमची धाकटी चन्नम्मा. सोप्यात अक्काचा माग होता, त्या मागाच्या खड्ड्याच्या काठावर ती मांडी घालून बसली होती आणि खाली खड्ड्यात बघून हूं म्हणत होती.

माग बंद पडून चार-पाच महिने झाले होते. सिद्धेश्वराच्या गड्ड्याची जत्रा उठली त्याच आठवड्यात अक्का तापानं गेली. आमच्यात माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, हातात लिंग देतात, कपाळाला विभूती लावतात आणि बसलेलंच पुरतात. माती देऊन आल्यावर अप्पा मागाजवळ गेले. विणकर बसतो ती पाटी, खाली पाय सोडायचा तो खड्डा, हे सगळं त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "पोरीला एका खड्ड्यात बसवून आलो. आता दुसऱ्या खड्ड्यात मी पाय कसा सोडू?" दुसऱ्या दिवसापासून ते आणि आमची आई, अव्वा, गिरणीत जायला लागले. अर्धं विणलेलं लुगडं मागावर तसंच राहिलं.

आणखी एक गोष्ट अर्धी राहिली होती. ती तुम्हीही ऐकली आहे, पण आठवण करून देतो.

एका गावात दिवसा विणलेलं कापड सकाळी उसवलेलं सापडायचं. सात नद्यांच्या पलीकडे एक उसवणारी म्हातारी होती, ती रातोरात सूत ओढून न्यायची. तेव्हा सोनकांडी नावाची एक पोरगी धोट्यावर बसली, मागावर ताण्याच्या उभ्या धाग्यांतून धोटा पळतो तशी सात नद्यांवरून पळाली आणि म्हातारीच्या खड्ड्यात उतरली. म्हातारी म्हणाली, "बस पोरी. मी गोष्ट सांगते, तू हूं दे. एकदा हूं दिला की गोष्ट संपेपर्यंत जागचं हलायचं नाही. आणि हूं थांबला, तर तुझा श्वास मी माझ्या कांडीवर सुतासारखा गुंडाळीन." सोनकांडी बसली. म्हणाली, हूं.

इथं अक्काला खोकला आला. "उरलेली उद्या," ती म्हणाली. उद्या तिला ताप होता. चन्नी दिवसा तिच्या उशाशी बसून हट्ट करायची, "सांग की गं पुढं." अक्का म्हणायची, "दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. रात्री सांगीन." आणि रात्री तिला शुद्ध नसायची.

तर चन्नी खड्ड्याच्या काठावर बसली होती. मी हाक मारली. तिनं मान वळवली नाही. तिचा दंड धरला, आणि हात मागं घेतला. बाहेर दगड तापून तडकत होते आणि पोरीचं अंग रांजणातल्या पाण्यासारखं गार.

"चन्ने, कुणाला हूं देतीस?"

"अक्काला."

"कुटं हाय अक्का?"

तिनं बोटानं खाली दाखवलं. "खाली बसलीय. हूं."

मी तिच्या तोंडावर हात दाबला. मला दुसरं काही सुचलं नाही. तिचा हूं अडकला, आणि त्याच्याबरोबर श्वासही अडकला. तिचे ओठ जांभळे पडले. मी हात काढला तसा हूं बाहेर आला आणि मागोमाग श्वास. तेवढ्यात मला तिच्या परकराची किनार दिसली. वीतभर उसवली होती. सुताचं टोक काठावरून खाली खड्ड्यात गेलं होतं, ताठ. तिनं हूं म्हटलं की सूत थोडं खाली सरकायचं. कुणीतरी सावकाश गुंडाळत होतं.

"कमलम्मा!" मी ओरडलो.

शेजारची कमलम्मा चन्नीवर लक्ष ठेवायला होती, ती ओसरीवर डुलकी काढत होती. पदर सावरत आली, आत बघितलं आणि दारातच बसली.

"अय्यो… हिला गोष्टीनं धरलं रे मल्लू. अर्धी गोष्ट कुणी सोडून जाऊ नये. गेलेलं माणूस तिथंच बसतं."

"मग?"

"मग काय? संपवायला पाहिजे कुणीतरी. रात्री तुझा अप्पा येईल, कुणाला तरी बोलवू."

"रात्रीपर्यंत परकर उरंल का हिचा?"

परकर संपल्यावर काय उसवेल, ते आम्ही दोघंही बोललो नाही.

मी मागावर चढलो, अक्काच्या पाटीवर बसलो आणि खड्ड्यात पाय सोडले. पायाखाली पावड्या, माग चालवताना दाबायच्या त्या फळ्या, लागायला पाहिजेत. लागल्या नाहीत. तो खड्डा मीच खणलाय, माझ्या मांडीएवढा आहे. मी पाय लांब केला, बोटं ताणली. खाली काहीच नव्हतं. नुसती गार हवा, विहिरीतून येते तशी, तळव्यांना लागत होती.

आणि खालून आवाज येत होता. कुणीतरी बोलत होतं. शब्द कळत नव्हते, पण गोष्ट सांगताहेत हे कळत होतं. गोष्टीची एक चाल असतेच की. तो अक्काचा आवाज नव्हता. मी कान दिला. बोलणं थांबलं की आधी एक हूं यायचा, खालून, थकलेला, आणि त्यावर चन्नीचा. तो पहिला हूं शेवटाला जरा वर उचललेला होता, विचारल्यासारखा. हूं? असा.

तसा हूं या जगात एकच माणूस देत होतं.

अक्का गोष्ट सांगत नव्हती, पोरांनो. अक्का म्हातारीपुढं बसून हूं देत होती. सोनकांडीला जिथं सोडलं, तिथंच जाऊन बसली होती.

मला भीती वाटायला पाहिजे होती. मला राग आला. इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. ती गेली त्या दिवशी चौघांनी उचलून नेली, मला कुणी विचारलं का? माती टाक म्हणाले, मी टाकली. बस म्हणाले, मी बसलो. आता खाली ही कोण म्हातारी माझ्या बहिणीला बसवून ठेवते आणि दुसरीला सूत धरून ओढते?

"ए म्हातारे!" मी खड्ड्यात ओरडलो. "तुझी गोष्ट बास झाली. आता माझी ऐक!"

"दिवसा?" कमलम्मा किंचाळली. "अरे, तुझा मामा आज होटगीहून निघालाय ना! वाटेवर असंल की रे तो!"

शिवयोगी मामा होटगीला रेल्वेत गँगमन. सुट्टीच्या दिवशी रूळ धरून चालत आमच्याकडे यायचा. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. तोंड उघडलं होतं, गोष्ट सुरू झाली होती.

"एक मल्लू होता," मी म्हणालो. "लई शूर. तो सोनकांडीला आणायला निघाला. धोट्यावर बसला. पण मल्लू जड होता, धोटा उडेना. मग त्यानं धोट्याला दोन बैल जोडले. खिलार."

खालची कुजबुज अडखळली.

"पहिली नदी आली. बैल पोहून गेले. दुसरी आली. तिच्यावर रेल्वेचा पूल होता, त्याच्यावरनं गेले. तिसऱ्या नदीत मगर. तिनं दोन्ही बैल खाल्ले. मग बैल चौथ्या नदीवर आले…"

"हूं…" चन्नी म्हणाली, आणि मग तिच्या कपाळाला आठी पडली. "असं न्हाई."

"काय न्हाई?"

"बैल खाल्ले ना मगरीनं?"

"व्हय. खाल्ले."

"मग चौथ्या नदीवर कोण आलं?"

"दुसरे बैल."

"दुसरे कुटनं आले? आनि धोट्याला बैल जोडतात व्हय? धोट्याला बैल नसतो! तुला गोष्टच येत न्हाई!"

ती उठून उभी राहिली, भांडायला. हूं म्हणायचं विसरली. आणि तिचा श्वास चालू राहिला. परकराचं सूत तट्‌दिशी तुटलं आणि त्याचं टोक साप पळावा तसं खड्ड्यात गेलं. कमलम्मानं झडप घालून पोरीला उचललं आणि अंगणात, रखरखीत उन्हात नेऊन बसवलं. "ये आता वर!" ती तिथूनच ओरडली. "पोरगी सुटली, तू ये!"

मी आलो नाही. कारण खाली अक्काचा हूं चालूच होता.

"मल्लू, सोड," कमलम्मा म्हणाली. "मेल्याला मेल्यात राहू दे."

"न्हाई राहू देणार."

मी पुढं सांगत गेलो. काय सांगितलं ते मला नीट आठवतही नाही. भूत, गाढव, गड्ड्यातला पाळणा, शाळेचा मास्तर, सगळं त्यात घातलं. आणि एका ठिकाणी मी श्वास घ्यायला थांबलो, तेव्हा खालून एक नवाच हूं आला. जाड, सावकाश. जुनी पावडी दाबली की लाकूड कण्हतं तसा. म्हातारी मला हूं देत होती. पुढं काय, हे तिलाही ऐकायचं होतं. माझी गोष्ट इतकी वाईट होती की पुढं काय होणार ते कुणालाच सांगता आलं नसतं.

तिनं हूं दिला तशी ती अडकली, तिच्याच कायद्यानं. मी जोर केला. "आता म्हातारीच हूं द्यायला लागली, तेव्हा सोनकांडी उठली! पळाली! सातव्या नदीच्या काठाला आली. पण पलीकडं कशी जाणार? धोटा मोडला, बैल मगरीनं खाल्ले…" मलाही कळेना कशी जाणार. अंगणात कमलम्मा मामाच्या नावानं देवाला साकडं घालत होती. ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. "तिथं तिचा मामा उभा होता! दिवसा गोष्ट सांगितली म्हणून वाट चुकला आणि नेमका तिथं पोचला. मामानं तिला खांद्यावर घेतलं आणि सातही नद्या ओलांडून आणलं. घरी आणलं! संपली गोष्ट! सुफळ संपूर्ण!"

खालून अक्काचा हूं आला नाही. नाक ओढल्यासारखा एक आवाज आला, रडून हसल्यावर माणूस ओढतं तसा. माझे पाय खाडकन पावड्यांवर आपटले. आणि त्याच क्षणी अख्ख्या बोळातले माग एकदम वाजायला लागले, जसे काही मध्ये थांबलेच नव्हते.

त्या दिवशी मामा आला नाही.

दिवेलागणीला अप्पा स्टेशनवर जाऊन चौकशी करून आले. सकाळीच निघाला, म्हणे होटगीचे लोक. रूळ धरून चालणारा माणूस, आयुष्य ज्याचं रुळावर गेलं, तो वाट चुकेल कशी? कमलम्मानं सगळं सांगितलं तेव्हा अव्वानं माझ्या थोबाडीत मारली.

"माझ्या भावाला घालवलास?"

"अक्काला आणायला पाठवला."

"दिवसा गोष्ट सांगितलीस?"

"व्हय. परत सांगीन."

तिनं पुन्हा हात उचलला, पण मारला नाही. माझ्या डोक्यावर ठेवला आणि तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा दारात उभा. कमरेपर्यंत भिजलेला. पोरांनो, विहिरी आटल्या होत्या, होटगीच्या वाटेवरचा ओढा कोरडा ठणठणीत होता, आणि मामाच्या धोतरातून पाणी निथळत होतं. हातातलं आंब्यांचं फडकं तेवढं कोरडं. ते त्यानं डोक्यावर धरलं असणार.

"रूळ धरूनच येत होतास न्हवं?" अप्पांनी विचारलं.

"रूळच संपले दाजी," मामा म्हणाला. बराच वेळ तेवढंच म्हणत होता. मग अव्वानं गूळपाणी दिलं, तेव्हा बोलला. "दुपारी उन्हात रूळ चमकत हुते. बघता बघता त्येचं पानीच झालं. नदी. म्या म्हनलं, हितं कुटली नदी? काठावर एक पोरगी पाठमोरी उभी हुती. क्येस मोकळे. म्हनली, मामा, उचल मला, मागं वळून बघू नको. आवाज… ताई, आवाज मला वळखू आला. म्या उचलली. पैल्या नदीत कापसागत हलकी. दुसरीत जरा जड. सातवीत तर हाडामांसाच्या मानसागत जड झाली. तुमच्या बोळाच्या तोंडाशी म्हनली, आता खाली ठेव."

अव्वा भिंतीला टेकून खाली सरकली.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

मामा माझ्याकडे वळला. "म्हनली, मल्लूला सांग, धोट्याला बैल जोडतात व्हय रे गाढवा?"

ते मामाला माहीत असायचं काहीच कारण नव्हतं. अव्वा रडता रडता हसली. अक्का गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली. मी बाहेर जाऊन बोळात उभा राहिलो. कुणी नव्हतं. जमिनीवर ओली पावलं होती, आमच्या दाराकडे येणारी. एक रांग मामाची. एक लहान, अक्काच्या पायाची.

आणि एक तिसरी.

आत चन्नी मामाच्या मांडीवर बसून विचारत होती, "आनि म्हातारीचं काय झालं?"

"कोन म्हातारी?" मामा म्हणाला. "व्हय, एक म्हातारी हुती की. मागनं पान्यातनं येत हुती, काय तरी सांगत. म्या आपलं हूं हूं म्हनत चाललो. वाहून जाऊ नये म्हनून तिनं माझ्या धोतराचा सोगा धरला हुता."

मी कंदील खाली नेला. मामाच्या धोतराचा सोगा वीतभर उसवला होता.

चूक माझीच. अक्का असती तर तिनं ती केली नसती. गोष्टीतल्या राक्षसाचं, चेटकिणीचं काय झालं हे सांगितल्याशिवाय तिनं कधी तुम्हाला झोपू दिलं नाही. मी घाईत सुफळ संपूर्ण म्हणून मोकळा झालो आणि म्हातारीला तशीच सोडली. रस्ता मोकळा, दार उघडं.

त्या दिवसापासून मी अक्काच्या मागावर बसतो. तुम्ही बघताच. दिवसभर विणतो. सकाळी उठून बघावं तर दिवसाचं काम उसवलेलं. पण सूत गुंताडा होऊन पडलेलं नसतं. सगळं कांड्यांवर भरलेलं असतं, घट्ट, सारखं, आणि कांड्या माझ्या उजव्या हाताला ओळीनं लावलेल्या. अक्का लावायची तशा. सुताचं टोक कात्रीनं कापलेलं नसतं, अक्काच्या सवयीप्रमाणे दातानं तोडलेलं असतं. बोट लावलं की ओलं लागतं.

एक उसवते, दुसरी माझ्यासाठी कांड्या भरून ठेवते. मी काय समजायचं ते समजलो.

अप्पा म्हणतात, खड्डा बुजवू. कमलम्मा म्हणते, उंबऱ्यात खिळे ठोका. मी म्हणालो, खिळ्याला हात लावाल तर याद राखा. खिळा कुणाला आत घेतो आणि कुणाला बाहेर ठेवतो, हे खिळ्याला कळतं का? एकदा अक्काला मातीत बसवली, पुन्हा नाही बसवायची. म्हातारीला उसवू दे, मी विणीन. माझे हात थकले तर चन्नी विणायला शिकेल. बघू कोण आधी दमतं.

असंच चाललं असतं. पण आज सकाळी कापड उसवलेलं नव्हतं. जसंच्या तसं होतं. मला आधी आनंद झाला. मग चन्नी डोळे चोळत बाहेर आली, आणि तिच्या परकराची नवी किनार नव्हती.

म्हणून तुम्हाला आज बोलावलं. अक्काची गोष्ट अक्काच्या ऐकणाऱ्यांसमोर पुरी व्हायला हवी. मामानं नदीत नकळत हूं दिला, तेव्हा त्याचा सोगा धरून म्हातारी इथवर आली. तुमच्यातला कुणी हूं म्हणाला, तर तो अडकेल आणि ती मोकळी राहील. तेव्हा तोंड घट्ट मिटा. हूं तिनं द्यायचा आहे. गोष्ट तिच्याबद्दलच आहे, तिला राहवणार नाही.

सुरू करतो.

मामाच्या मागून उसवणारी म्हातारी सात नद्या उतरून एका विणकराच्या घरात आली…

कोण म्हणालं आत्ता? हात वर करा. कुणीच नाही ना? बरं. हलू नका. मागाकडे बघू नका, माझ्याकडे बघा.

तिला वाटलं, हे रडणाऱ्यांचं घर आहे. रडणाऱ्याच्या हातात जोर नसतो, याची पोर सहज नेता येईल. पण त्या घरात एक मल्लू होता, आणि त्याला गोष्ट धड सांगता येत नव्हती. एकदा त्यानं सुरू केली की ती कुठं जाईल आणि कधी संपेल, हे त्याचं त्यालाच माहीत नसायचं. आणि ज्यानं हूं दिला, त्याला गोष्ट संपेपर्यंत जागचं हलता यायचं नाही…

ऐकलंत? या वेळी जवळून आला. कंदिलाच्या अलीकडून.

रडू नकोस रे, टोपी चाव. मी आहे ना? ती आता कुठं जात नाही. उद्या सांगीन, परवा सांगीन, दिवसा सांगीन, रात्री सांगीन. बैलांना पंख लावीन, मगरीला शाळेत घालीन. माझं सूत संपायचं नाही.

आणि मागच्या कोपऱ्यात तो आवाज येतोय, तो ऐका. घर्र… घर्र… कांड्या भरायचा रहाट आहे तो. त्याच्याजवळ कुणी बसलेलं नाही, मला माहीत आहे. अव्वा आत आहे, चन्नी झोपली आहे. फिरू दे. आता थांबेल, बघा. थांबला ना?

आता दातानं सूत तोडल्याचा आवाज येईल.

मग मी पुढं सांगतो.